आकड्यांत कोण राहून जातं? मधुमेह, मृत्यू आणि मावला

आमच्या मावल्यात ‘मधुमेह’ कुणी म्हणत नाही. घर मराठी असो की तेलुगू, ‘त्यांना शुगर आहे’ एवढंच. मग प्रश्न येतो: शुगरने पुरुष जास्त मरतात की बाया? मी साहित्याची विद्यार्थिनी, म्हणून तक्तासुद्धा मजकुरासारखा वाचते. वाचताना तीन गोष्टी पाहायच्या.

१. दर
नुसती मृत्यूंची संख्या पुरेशी नाही, किती लोकांमागे ते पाहावं लागतं. शिवाय प्रदेशाप्रदेशांत रोगच कमीजास्त आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के निघालं.

२. वय
समजा, एका गावात १००० पुरुषांपैकी १०० जण साठीपुढचे आहेत आणि १००० बायांपैकी २०० जणी. साठीपुढे दोघांचाही मृत्युदर सारखाच, शंभरामागे २. साठीच्या आत कुणीच दगावत नाही. मृत्यू होतील पुरुषांत २ आणि बायांत ४. दर दुप्पट दिसला, पण फरक रोगाचा नाही, वयाचा आहे. म्हणून तुलनेसाठी वय-प्रमाणित दर काढतात.

३. नोंद
मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर ठरलेल्या नमुन्यात कारण लिहितात. त्याचे दोन भाग असतात: पहिल्यात मृत्यूकडे नेणारी कारणांची साखळी, दुसऱ्यात त्याला हातभार लावणारे आजार. आकडेवारीत मोजलं जातं ते एकच मूळ कारण. पंधरा वर्षं शुगर असलेली बाई हृदयविकाराने गेली आणि शुगर दुसऱ्या भागात लिहिली गेली, तर ती मधुमेहाच्या तक्त्यात बहुधा येतच नाही.

घरी गेलेल्यांचं तर कारणच अनेकदा लिहिलं जात नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांना वैद्यकीय कारण जोडलेलं होतं, आणि त्यांत शंभरात साठांहून अधिक पुरुष होते. पुरुषांचे मृत्यू जास्त होतात, हे त्याचं एक कारण आहेच. पण बायांच्या मृत्यूंची नोंदही कमी होते, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं.

म्हणजे तक्त्यात बाया कमी दिसल्या म्हणून त्यांना धोका कमी, असं म्हणता येत नाही. २०१४ साली ६४ अभ्यासांतल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. मधुमेहामुळे हृदयरोगाचा जो धोका वाढतो, ती वाढ स्त्रियांत पुरुषांपेक्षा ४४ टक्क्यांनी जास्त निघाली. आपल्या घरांत बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, आणि दवाखान्यातही शेवटीच जाते. तिची शुगर उशिरा कळली तर उपचारही उशिराच सुरू होणार.

एवढं आपण करू शकतो: घरातल्या आई-आजीची शुगर तपासून घ्या, त्या ‘मला काय झालंय’ म्हणाल्या तरी. आणि घरी कुणी गेलंच, तर २१ दिवसांत मृत्यूची नोंद करा. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना शुगर किती वर्षं होती ते सांगा, कारण लिहून मागा. बाईच्या बाबतीत ‘वय झालं होतं’ एवढ्यावर थांबू नका.