घटक ६ : संगणकातील आभासी संगणक : जुन्या मराठी मजकुराच्या वाचनासाठी

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• आभासी संगणक म्हणजे काय, हे सांगता येईल.
• आपल्या संगणकात ही सुविधा चालू आहे का, हे तपासता येईल.
• ती बंद असल्यास सुरक्षितपणे चालू करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पालघर तालुक्यातील बेटेगाव, बोईसर, तारापूर या परिसरात वाडवळी, मांगेली, वारली अशा बोली ऐकू येतात. समजा, बोलीअभ्यासाच्या प्रकल्पासाठी तुम्हाला एका जुन्या स्मरणिकेची संगणकीय प्रत मिळाली. पण ती उघडताच मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसली. असे का व्हावे?

युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींवर मराठी मजकूर टंकलिखित होत असे. त्यांतील अनेक फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल, तर मजकूर वाचता येत नाही. रूपांतरकाने असा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. परंतु रफार, जोडाक्षरे आणि वेलांट्या यांत चुका राहू शकतात. प्रमाण मराठीतील चूक शब्दकोशाच्या आधारे पकडता येते. बोलीतील शब्द मात्र बहुधा कोशात नसतो, त्यामुळे चुकीचे रूपच खरे म्हणून तुमच्या प्रकल्पात येण्याचा धोका असतो. म्हणून मूळ प्रणालीत फाइल उघडून मजकूर ताडून पाहणे आवश्यक ठरते. जुनी प्रणाली नव्या विंडोजवर चालत नसेल, तर आभासी संगणक उपयोगी पडतो.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ संकल्पना

एका प्रत्यक्ष संगणकाच्या आत, जणू स्वतंत्र आहे असा चालणारा दुसरा संगणक म्हणजे आभासी संगणक. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली. वैयक्तिक संगणकाच्या प्रोसेसरमध्ये अशी अंगभूत सोय इंटेलने २००५ मध्ये ‘व्हीटी-एक्स’ या नावाने आणि एएमडीने २००६ मध्ये ‘एएमडी-व्ही’ या नावाने आणली. प्रोसेसरमध्ये ही क्षमता असूनही काही संगणकांत ती मूळ मांडणीतच बंद ठेवलेली असते.

६.३.२ तपासणी

विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘सीपीयू’ निवडा. खालच्या बाजूस ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे ‘एनेबल्ड’ असेल तर सुविधा चालू आहे. ‘डिसेबल्ड’ असेल तर पुढील कृती करा. लिनक्स वापरत असाल, तर टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यावर प्रोसेसरची क्षमता समजते.

६.३.३ सुविधा चालू करणे

१. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत काढून ठेवा. ‘बिटलॉकर’ चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. मांडणी बदलल्यावर संगणक ती मागू शकतो.
२. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि लगेच ठरावीक कळ दाबत राहा. ही कळ उत्पादकानुसार बदलते : डेल आणि एसरमध्ये सामान्यतः एफ-२, एचपीमध्ये एफ-१०.
३. उघडलेल्या बायोस पडद्यावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, ‘सीपीयू’ किंवा ‘सिक्युरिटी’ विभाग पाहा. इंटेलसाठी ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, तर एएमडीसाठी ‘एसव्हीएम मोड’ हा पर्याय ‘एनेबल्ड’ करा. इतर कशालाही हात लावू नका.
४. बदल जतन करून बाहेर पडा आणि ६.३.२ मधील तपासणी पुन्हा करा.

संगणक कारखान्याचा किंवा कार्यालयाचा असेल, तर परवानगीशिवाय ही मांडणी बदलू नये.

६.३.४ प्रत्यक्ष वापर

यानंतर ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हा विनामूल्य प्रोग्रॅम बसवता येतो. त्याच्या ६.१ या आवृत्तीपासून प्रोसेसरमधील ही सुविधा अनिवार्य आहे. आभासी संगणक मूळ संगणकाचीच मेमरी वाटून घेतो. म्हणून ८ जीबी मेमरी असल्यास काम सुलभ होते. आत बसवायच्या जुन्या विंडोजचा आणि मराठी प्रणालीचा परवाना तुमच्याकडे असावा. जुन्या विंडोजला सुरक्षा-सुधारणा मिळत नसल्याने तिची इंटरनेट जोडणी बंद ठेवा.

६.४ सारांश

आभासी संगणकामुळे जुना मजकूर त्याच्या मूळ रूपात पाहता येतो. आधी तपासणी, मग फायलींची प्रत, त्यानंतर बायोसमधील एकच बदल आणि शेवटी फेरतपासणी हा क्रम पाळावा. यंत्र अक्षरे दाखवील. ती बोलीतील खरी रूपे आहेत का, हे मात्र बोली बोलणाऱ्यांना विचारूनच ठरवावे लागेल.

६.५ स्वाध्याय

१. बोलीतील मजकुराच्या रूपांतरात चूक लक्षात येणे अधिक कठीण का असते?
२. आपल्या संगणकाची तपासणी करून निष्कर्ष पाच ओळींत लिहा.
३. परिसरातील वाचनालयात जुन्या फॉन्टमधील एखादी फाइल मिळवा. तिच्यातील दहा जोडाक्षरे रूपांतरित मजकुराशी ताडून पाहा.