एकशे सतरावे घर

आमच्या हबीबगंजच्या शाळेतील प्रयोगशाळेत मूलद्रव्यांचा एक जुना तक्ता टांगलेला आहे. त्यातील ११७ क्रमांकाच्या घरात ‘अनअनसेप्टियम’ असे लांबलचक नाव छापलेले आढळते. ‘एक-एक-सात’ एवढाच त्याचा अर्थ. नामकरण होईपर्यंतची ती सोय होती. आमच्या स्थानकाचे नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापती झाले, तरी आमच्या तोंडी हबीबगंजच येते. तक्त्याचेही तसेच झाले आहे. नोव्हेंबर २०१६ पासून या मूलद्रव्याचे नाव टेनेसीन आहे.

टेनेसीन निसर्गात सापडत नाही, ते घडवावे लागते. कागदावर ही बेरीज अगदी सोपी आहे. बर्केलियमचा अणुक्रमांक ९७, कॅल्शियमचा २०. दोहोंची केंद्रके एकरूप झाली की ११७. परंतु येथे लागणारे कॅल्शियम ४८ अणुभाराचे असावे लागते, आणि साध्या कॅल्शियमच्या हजार अणूंत असे जेमतेम दोन असतात. बर्केलियम तर त्याहून दुर्मीळ. अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओक रिज येथील अणुभट्टीत सुमारे २५० दिवस न्यूट्रॉनांचा मारा करून, पुढे कित्येक महिने शुद्धीकरण करून जे हाती आले, ते अवघे २२ मिलिग्रॅम!

आणि तेही टिकाऊ नव्हे. या बर्केलियमचे अर्धायुष्य सुमारे ३३० दिवसांचे. म्हणजे तेवढ्या अवधीत त्यातील निम्मे अणू नष्ट होणारच. प्रयोग करावयाचा होता रशियातील दुब्ना येथे. २००९ साली ते शिशाच्या जाड पात्रांतून विमानाने धाडले गेले. पण कागदपत्रांत उणिवा निघाल्यामुळे माल परत फिरला, आणि असे होता होता त्याने अटलांटिक महासागर पाच वेळा ओलांडला. पार्सलाच्या पावतीसाठी फलाटावर तिष्ठणाऱ्या माणसाची तगमग आम्ही पाहिली आहे. येथे तर माल पेटीतल्या पेटीत झिजत होता.

जुलै २००९ मध्ये युरी ओगानेसियन यांच्या मार्गदर्शनाखाली मारा सुरू झाला. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने धावणारे कॅल्शियमचे कण सुमारे १५० दिवस बर्केलियमच्या पातळ थरावर आदळत राहिले. लाभ किती? सहा अणू. ४८ आणि २४९ मिळून २९७. त्यांतून तीन किंवा चार न्यूट्रॉन निसटले की २९४ किंवा २९३ अणुभाराचे टेनेसीन उरते. पाच अणू २९३ चे होते, एक २९४ चा.

सेकंदाच्या काही शतांश भागांत लुप्त होणारा अणू ओळखावयाचा कसा? त्याच्या मागे राहिलेल्या वंशावळीवरून. प्रत्येक अल्फा कण बाहेर पडताच अणुक्रमांक दोनाने घटतो: ११७, ११५, ११३, १११. प्रत्येक पायरीची ऊर्जा व वेळ यंत्रे टिपून ठेवतात.

तक्त्यात टेनेसीन क्लोरीन, आयोडीन यांच्या रांगेत, ॲस्टेटीनच्या खाली बसते. म्हणून ते त्यांच्याचसारखे वागेल असे समजणे घाईचे ठरेल. इतक्या जड केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनांचा वेग फार वाढतो व त्यांची मांडणी बदलते. गणितानुसार ते काहीसे धातूसारखे असावे आणि क्लोरीनप्रमाणे सहजासहजी क्षार बनवू नये. प्रत्यक्ष संयुग मात्र कोणी बनविलेले नाही. ते बनविण्याइतका वेळ हा अणू देतच नाही.

एकाच प्रयोगशाळेच्या शब्दावर घर भरले जात नाही, हा नियम आम्हांस फार आवडला. जर्मनीतील डार्मश्टाट येथे हाच प्रयोग पुन्हा झाला व २०१४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या चमूत कोलकात्याची साहा अणुकेंद्रीय भौतिकी संस्था आणि रुडकीची आय. आय. टी. येथील भारतीय संशोधकही होते. तेथे २९४ अणुभाराच्या टेनेसीनचे दोन अणू मिळाले आणि त्यांच्या वंशात एक अनपेक्षित वारस निघाला: २६६ अणुभाराचे लॉरेन्सियम. पूर्वजाचे आयुष्य डोळ्याची पापणी लवण्याआधीच संपलेले. या वंशजाचे अर्धायुष्य मात्र सुमारे अकरा तासांचे भरले.