रिपोर्टापेक्षा पायाकडे बघा

आमच्या पिंपळगाव बसवंतकडे माणसाने कंबर धरली की पहिला सल्ला ठरलेला: पायाळू माणसाची लाथ खा. साधी उसण चार दिवसांत आपसूक उतरते आणि श्रेय लाथेला जातं. माझी उसण नव्हती. टोमॅटोचं २० किलोचं कॅरेट पिकअपमध्ये चढवताना वाकलेलाच वळलो, आणि कळ कमरेतून मांडीमागून थेट पोटरीत उतरली. कळ गुडघ्याखाली गेली की नस दबल्याचा संशय घ्यायचा. अशा पाठीवर कुणालाही पाय ठेवू द्यायचा नाही, मग तो कितीही पायाळू असो.

नाशिकला एमआरआय काढला. मणक्यांमधल्या दोन चकत्या फुगल्याचं रिपोर्टात होतं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. भावकीतल्या प्रत्येकाला 'मणक्यात गॅप' आलेला कुणीतरी माहीत होताच! पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन पाहिले होते. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांची चकती फुगलेली निघाली. केस पिकावेत तसंच हे. तेव्हा रिपोर्ट आणि दुखणं जुळतं का, ते डॉक्टरांकडून पायाची ताकद आणि संवेदना तपासूनच ठरवून घ्या.

'महिनाभर पलंग सोडू नका' हेही मला सांगितलं गेलं. तसलं काही ऐकू नका. एक-दोन दिवस पडून राहणं ठीक, पुढे स्नायूच ढिले पडतात. सोसेल तेवढं, थोडं थोडं, पण रोज चाला. कळ पोटरीतून वर सरकत कमरेपुरती उरली, तर ती सुधारणा समजा. कंबर जास्त ठणकली तरी. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका, मोबाइलवर बघून नको. बहुतेकांचं दुखणं दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेविना आटोक्यात येतं. पट्टा बांधून दिवसभर फवारणीचा ट्रॅक्टर हाकणारे आमच्याकडे खूप. पट्ट्याने धीर येतो, ताकद येत नाही.

कॅरेट दोघांनी धरा, अंगाशी घ्या, गुडघ्यात वाका आणि वळायचं ते पावलं फिरवून. मजूर हसले तर हसू देत.

मात्र लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री गाडी काढून तडक मोठं रुग्णालय गाठा. तिथे काही तासांचा उशीरही जन्माचा महागात पडू शकतो.