झोपेचा हिशेब उठल्यापासून

बदलापूरला बदलापूर का म्हणतात? जुनी माणसे सांगतात, पूर्वी लांबच्या वाटेवर इथे घोडे बदलत. दमलेला घोडा ठेवायचा, ताजा घ्यायचा आणि पुढची मजल गाठायची. म्हणून हे बदलापूर. नावाची गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातले शहाणपण खरे आहे. दमलेल्या जिवाकडून लांबची मजल मारून घेऊ नये.

आता घोडे गेले, ट्रक आले. अंबरनाथ आणि बदलापूरच्या कारखान्यांतून रोज माल बाहेर पडतो. उल्हासनगरच्या बाजारातून फर्निचर आणि जीनच्या पँटी गावोगाव जातात. हा माल नेणारा ड्रायव्हर पुष्कळदा आपल्याच गावचा असतो. पूर्वी ट्रकच्या लायसनसाठी आठवी पास असावे लागे. २०१९ साली ती अट निघाली. उशिरा लिहायला-वाचायला शिकलेल्या मंडळींनाही हे काम खुले झाले. चांगले झाले. पण नव्या ड्रायव्हरला गाडी वळवायला शिकवतात, मागे घ्यायला शिकवतात. विसावा कधी घ्यायचा, हे कोणी शिकवीत नाही. ते आज आपण शिकू.

बैल आणि ट्रक

शेतकरी बाजारातून परतताना बैलगाडीत झोपला, तरी बैल घर गाठतात. त्यांना वाट ठाऊक असते, खड्डा दिसतो. ट्रकला डोळे नाहीत. ड्रायव्हरचे डोळे तेच ट्रकचे डोळे. ते मिटले की ट्रक आंधळा झाला.

आपण हिशेब करू. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे एका सेकंदाला सुमारे १७ मीटर. डुलकी लागली तीनच सेकंदांची. तेवढ्यात ट्रक ५० मीटर आंधळा गेला. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. अशी जवळजवळ चार मैदाने एकापुढे एक मांडून पाहा. तेवढ्या अंतरात एखादा सायकलवाला, रस्ता ओलांडणारी एखादी बाई, नाहीतर एखादे वळण येणार नाही, असे कोण सांगेल? अशी लहान डुलकी लागून गेल्याचे पुष्कळदा माणसाला कळतसुद्धा नाही.

चाकाचे तास आणि उठल्याचे तास

ड्रायव्हरला विचारा, "किती तास झाले?" तो स्टेअरिंगवर बसल्यापासूनचे तास सांगतो. इथेच हिशेब चुकतो. शरीर चाकाचे तास मोजत नाही. सकाळी डोळे उघडले, की त्याची मोजणी सुरू होते.

समजा, बदलापूरचा एक ड्रायव्हर सकाळी ६ वाजता उठला. ८ वाजता त्याने अंबरनाथच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटपाशी गाडी लावली. धुळ्याचा माल भरायचा होता. नंबर लागला दुपारी ४ वाजता. माल भरला, ताडपत्री ओढली, दोर आवळले, कागद घेतले. निघायला साडेसात झाले. तो म्हणतो, "दिवसभर नुसता बसून तर होतो. काम आता कुठं सुरू झालं!"

पुढे कल्याण, भिवंडी, पडघा, शहापूर. वाटेत गर्दी, वाटेत जेवण. कसारा घाटाच्या पायथ्याशी आला तेव्हा रात्रीचे ११ वाजले. चाकाचे तास झाले तीन-साडेतीन. उठल्याचे तास झाले १७.

या १७ तासांचा अर्थ काय? १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याची पारख केली. सतत १७ तास जागा असलेला माणूस दारू प्यालेल्या माणसासारखा चुकू लागतो, असे त्यांना दिसले. किती दारू? १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला आपला ड्रायव्हर प्यालेल्या माणसासारखा घाट चढू लागला. पोलिसांच्या यंत्रात त्याने फुंकर मारली, तर काही दिसणार नाही. म्हणून हे ज्याचे त्यानेच ओळखले पाहिजे.

झोप कधी आणि कशी येते

दोन वेळा जास्त धोक्याच्या. एक, मध्यरात्रीनंतर २ ते सकाळी ६. दुसरी, दुपारी जेवणानंतर २ ते ४. सरळ रस्ताही झोप आणतो. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी भिवंडीजवळच्या आमणे गावापर्यंत पूर्ण खुला झाला. आपल्या भागातले ट्रक आता त्यावरून जातात. रस्ता उत्तम आहे. पण तिथे ना चौक, ना सिग्नल. हाताला काम उरत नाही, आणि मन सुस्तावते.

झोप सांगून येते. जांभया येतात. पापण्या जड होतात. गाडी पांढऱ्या पट्टीवर सरकते. आणखी एक खूण आहे. तुम्हाला आता पाट्या वाचता येतात. मनाला विचारा, "मागची पाटी कोणत्या गावाची गेली?" आठवत नसेल, तर गाडी बाजूला घ्या.

खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखू मळणे, हे सगळे उपाय थोडा वेळ टिकतात. झोप तिथेच दबा धरून असते. जागे राहण्याच्या गोळ्या तर घेऊच नयेत. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनीही झोप येते. औषध घेताना डॉक्टरला सांगावे, "मी ट्रक चालवतो." आणि जो रात्री फार घोरतो, मधेच ज्याचा श्वास अडकतो, त्याला आठ तास झोपूनही दिवसा पेंग येते. त्यानेही डॉक्टरकडे जावे.

विसावा कसा घ्यावा

१. गेटवर नंबर येईपर्यंतचा वेळ वाया घालवू नका. क्लीनरला नंबरावर लक्ष ठेवायला सांगा आणि दुपारी केबिनमध्ये झोपून घ्या. इंजिन बंद ठेवा, काच थोडी उघडी ठेवा. ट्रकच्या खाली सावलीला कधीही झोपू नका.

२. दर दोन तासांनी थांबा. खाली उतरा, पाय मोकळे करा, पाणी प्या. टायर आणि दोर पाहून घ्या.

३. पेंग आली तर धाब्यावर किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावा. कडेला अर्धी रस्त्यावर उभी करू नका. चाकाला दगड लावला, तर निघताना तो उचलून बाजूला टाका.

४. एक कप चहा घ्या आणि लगेच १५ ते २० मिनिटे झोपा. चहाचा गुण यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर १० मिनिटे चाला, मग स्टेअरिंग धरा. पण चहा म्हणजे उसने पैसे. पुऱ्या झोपेचे कर्ज झोपूनच फिटते.

५. घाट चढण्याआधी उठल्याचे तास मोजा. ते १६ च्या पुढे गेले असतील, तर घाट उद्या.

शेठला काय सांगावे

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे सगळं खरं. पण उशीर झाला तर शेठ फेरीचा भत्ता कापतो. दुसरी खेप दुसऱ्याला देतो." ही अडचण खरी आहे, आणि आम्ही ती हलकी मानीत नाही. घरी चूल त्या भत्त्यावर पेटते.

कायदा काय म्हणतो ते माहीत असावे. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला तो लागू होता. साधारणपणे दिवसाला ८ तास काम, ५ तासांनंतर निदान अर्धा तास विसावा, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे, असे त्यात ठरविले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. दिवसाला ८ तासांची मर्यादा तिच्यातही आहे. म्हणजे विसावा मागणे हा आळस नव्हे. सरकारनेही तो कामाचाच भाग मानला आहे.

पण कायदा रात्री ११ वाजता घाटाखाली येऊन उभा राहत नाही. तिथे उपयोगी पडतो वेळीच केलेला फोन. अंबरनाथहून निघतानाच सांगावे, "शेठ, माल भरायला उशीर झाला. मला उठून साडेतेरा तास झालेत. घाटाच्या अलीकडे झोपतो, सकाळी ६ ला निघतो. दुपारपर्यंत धुळ्यात माल उतरवतो." अडचण आधी सांगितली, तर शेठ पुढच्या व्यापाऱ्याला तसे कळवू शकतो. शिवाय माल, गाडी आणि माणूस घाटात गेला, तर शेठचेही नुकसान भत्त्याहून फार मोठे असते.

आणि बोलण्याला पुरावा हवा. तो तुमच्या खिशात राहू शकतो. दहा-वीस रुपयांची वही घ्या. तुम्ही आता लिहू शकता. रोज चार ओळी लिहा:

उठलो – सकाळी ६
गेटवर आलो – सकाळी ८
माल भरून निघालो – संध्याकाळी ७॥
थांबून झोपलो – रात्री १०॥ ते सकाळी ५॥, खर्डी

महिनाभराची अशी वही शेठपुढे ठेवली, की उशीर ड्रायव्हरमुळे झाला की गेटमुळे, हे कोणालाही दिसते. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. लिहिलेले राहते.

अभ्यास

१. मागचा मोठा प्रवास आठवा. गाडी थांबवली तेव्हा चाकाचे तास किती झाले होते? उठल्याचे किती? दोन्ही आकडे लिहा.

२. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक तीन सेकंदांत किती मीटर जाईल?

३. घरात कोणी ड्रायव्हर असेल, तर हा धडा त्याला वाचून दाखवा. वहीची पहिली ओळ त्याच्याकडून आजच लिहून घ्या: "आज मी ... वाजता उठलो."