पटावरचे आरमार



वहीच्या पानावर चौकटी आखून एकमेकांची जहाजे बुडवण्याचा खेळ तुम्हांपैकी पुष्कळांनी खेळला असेल. आपण ‘ब पाच’ म्हणायचे आणि समोरच्याने ‘लागले’ किंवा ‘चुकले’ असे सांगायचे. अमेरिकेत १९६७ साली हाच खेळ प्लॅस्टिकच्या पटावर बाजारात आला आणि जगभर पसरला. खेळ मौजेचा आहे, यात शंका नाही. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे का? त्यातली जहाजे जागची हलतच नाहीत! त्यांना वारा लागत नाही, भरती-ओहोटी जाणवत नाही. जहाजांऐवजी शेतात पुरलेले बटाटे शोधायचे आहेत असे मानले, तरी खेळात काडीचा फरक पडणार नाही.

आरमारी लढायांवर आधारलेले आणखी एका प्रकारचे खेळ आहेत. त्यांत एखादी खरोखर झालेली लढाई पटावर मांडतात. वारा, शिडे, तोफा, सगळ्यांचे नियम असतात. एकेक डाव तासन्‌तास चालतो आणि तरीही लोक तो पुन्हा पुन्हा मांडतात. अशा खेळात खेळाडूंना नेमके काय आवडते? रंगीत सोंगट्या आणि सुबक नकाशा आवडतोच. पण तेवढ्यावर कोणी दहा वेळा पट मांडत नाही. खरी गोडी आहे ती ही की, त्या वेळच्या सरदारापुढे जे पेच होते तेच आपल्यापुढे उभे राहतात आणि त्यांचा उलगडा नियमांतूनच होतो. पदार्थविज्ञानात आपण ज्याला ‘प्रतिमान’ म्हणतो, तेच हे. प्रतिमानात सगळे जग कोंबायचे नसते. निकालावर परिणाम करणाऱ्या चार गोष्टी तेवढ्या निवडून ठेवायच्या असतात. त्या कशा निवडाव्यात, हे आपल्याच समुद्रावरचे एक उदाहरण घेऊन पाहू या.

खांदेरीचा प्रसंग

मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर खांदेरी बेट आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत खांदेरीही आहे. १६७९ च्या ऑगस्टअखेर शिवाजीमहाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारीच्या हाताखाली ह्या बेटावर तटबंदी बांधायला सुरुवात केली. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी. तेव्हा इंग्रज अस्वस्थ झाले आणि त्यांनी बेटाला वेढा घातला.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे दौलतखानाच्या नेतृत्वाखाली मराठी आरमार किनाऱ्याकडून इंग्रजांवर चालून आले. मराठ्यांची लहान जहाजे पन्नासाच्या आसपास होती. इंग्रजांकडे फक्त आठ: ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे. इंग्रजी जहाजे नांगरून उभी होती; नांगर उचलायलाही त्यांना पुरता वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांनी पकडली. बाकीची इंग्रजी जहाजे दूर राहिली किंवा पळाली. ‘रिव्हेंज’ मात्र एकटी लढली, तिने पाच गलबते बुडवली आणि मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली.

हा तपशील मुख्यतः इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून येतो. शिवकालातील इंग्रजी कागदपत्रांचा मोठा संग्रह १९३१ साली आपल्या पुण्यातच छापला गेला. आकडे एका पक्षाने लिहिलेले आहेत, हे मात्र विसरायचे नाही. प्रयोगवहीतले आकडे कोणी व कसे घेतले हे आपण विचारतो, तसेच हे.

आता ही लढाई पटावर आणू या.

घरे चौरस की षट्कोनी?

बुद्धिबळाचा पट चौरस घरांचा असतो. समजा, एका घराची बाजू समुद्रावरच्या २०० मीटरांइतकी मानली. सरळ पुढच्या घरात जाणारे जहाज एका खेळीत २०० मीटर जाईल. पण तिरक्या घरात जाणारे? पायथागोरसच्या सिद्धान्ताने २०० × √२, म्हणजे सुमारे २८३ मीटर. केवळ तिरके चालल्याबद्दल त्याला ४१ टक्के वेग फुकट मिळाला! मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे आखली की ही अडचण राहत नाही. प्रत्येक घराचे सहाही शेजारी मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात.

आता काळाचे माप. अठराव्या शतकातील वर्णनांनुसार गलबत बहुधा ७० टनांच्या आतले, त्याला चाळीस-पन्नास वल्ही आणि वल्हवताना त्याचा वेग ताशी सुमारे ४ मैल, म्हणजे ६·४ किलोमीटर. दोन मिनिटांत ते २१३ मीटर जाईल. म्हणून एक खेळी म्हणजे दोन मिनिटे धरली, तर वल्ह्यांवरचे गलबत एका खेळीत एक घर चालते. हिशेब छान जुळला! किनाऱ्यापासून खांदेरी वीस-पंचवीस घरांवर आणि अर्धा तास म्हणजे १५ खेळ्या.

वाऱ्याशी कोन

शिडाचे जहाज वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. त्याला नागमोडी जावे लागते. युरोपीय चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या उगमदिशेशी साधारण ६७½ अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नसे. म्हणजे वाऱ्याविरुद्ध एक किलोमीटर सरकायला त्याला १ ÷ कोज्या ६७½°, म्हणजे सुमारे २·६ किलोमीटर पाणी कापावे लागे. त्रिकोनी शिडाचे जहाज ५० अंशांपर्यंत जाते असे धरले, तर हाच आकडा १·६ च्या जवळ येतो.

षट्कोनी पटावर वारा एखाद्या घराच्या बाजूकडून वाहतो असे मानले, तर त्याच्या दोन्ही अंगांना ६० अंशांवर घरे आहेत. एकदा डावे, एकदा उजवे असे गेलात की दोन खेळ्यांत वाऱ्याविरुद्ध एक घर सरकता. म्हणजे अंतर दुप्पट. ‘रिव्हेंज’साठी २·६ पट हवे, म्हणून असा नियम करा: वाऱ्याकडे तिरके जाताना तिला तीन घरांना चार खेळ्या लागतील. प्रतिमान तंतोतंत नाही, पण कामापुरते खरे आहे.

आणि गलबताला वल्ही आहेत! ते वाऱ्याच्या थेट तोंडावरही एका खेळीत एक घर जाते. वारा पडला तर ‘रिव्हेंज’ जागेवर खिळते, गलबत चालूच राहते. मात्र माणसे दमतात, म्हणून सलग दहा खेळ्या वल्हवल्यावर दोन खेळ्या विसावा ठेवा.

भूगोलात तुम्ही खारे आणि मतलई वारे शिकला आहात. पावसाळा सरल्यावर कोकण किनाऱ्यावर रात्री व पहाटे वारा जमिनीकडून वाहतो आणि दुपारी समुद्राकडून. किनाऱ्याकडून पहाटे चालून येणाऱ्याला त्याचा कसा लाभ होईल, हे पट मांडून पाहा.

तोफा आणि त्यांचा झटका

नऊ पौंडी तोफेचा गोळा सुमारे ४ किलोग्रॅमचा. तो सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटला, तर त्याचा संवेग १६०० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. तोफेचे वजन १००० किलोग्रॅम धरले, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ती सेकंदाला १·६ मीटर वेगाने मागे येईल. अशा तोफा अरुंद, हलक्या गलबताच्या अंगावर लावल्या तर त्याच्या फळ्या हा झटका सोसणार नाहीत. शिवाय वजन वर गेल्याने ते कलंडेल. म्हणून गलबतावर लहान तोफा असत, आणि मराठी जहाजांचा मारा मुख्यतः नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून होई. ‘रिव्हेंज’चा भर बाजूंच्या तोफांवर.

हे नियमांत उतरवा. गलबत फक्त समोरच्या घरांवर मारा करील, ‘रिव्हेंज’ फक्त दोन्ही बाजूंच्या. मग पन्नास गलबते हाताशी असूनही खेळाडू विचारात पडतो: तिच्या बाजूवर धावून जायचे, की वळसा घालून पुढून किंवा मागून गाठायचे? वळसा घालण्यात चार खेळ्या जातात; तेवढ्यात वारा फिरला तर? खेळाडूंना हवे असते ते हेच. दोन्ही वाटा थोड्या चांगल्या, थोड्या धोक्याच्या.

फासे किती आणि गुपित किती?

नेम लागणे नशिबावरही असते, म्हणून फासा हवा. समजा, फाशावर सहा पडले तरच गोळा लागतो. पाच गलबतांनी एकेकदा मारा केला, तर निदान एक गोळा लागण्याची संभाव्यता १ − (५/६)⁵, म्हणजे सुमारे ६० टक्के. दहा गलबतांनी केला तर? १२० टक्के नव्हे, ८४! संख्या दुप्पट केल्याने यश दुप्पट होत नाही.

फाशाचे प्रमाण मात्र बेताचे हवे. चांगल्या खेळाडूने दहांपैकी सात-आठ डाव जिंकावेत. दहाही जिंकले तर समुद्राची अनिश्चितता उरली नाही. पाचच जिंकले तर डोके चालवून उपयोग काय?

अनिश्चिततेचा दुसरा उगम म्हणजे शत्रूच्या मनातले न कळणे. १९७५ साली अमेरिकेत अॅव्हलॉन हिल कंपनीने शिडांच्या जहाजांचा जो खेळ काढला, त्यात दोघेही आपापली चाल गुपचूप लिहितात आणि मग सर्व जहाजे एकदम हलवतात. दुसऱ्या महायुद्धात तर अशा खेळाने खरी जहाजे वाचवायला हातभार लावला. लिव्हरपूल येथे जानेवारी १९४२ मध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्‌स यांनी आरमारातील तरुण स्त्रियांना बरोबर घेऊन, जमिनीवर पट आखून जर्मन पाणबुड्यांशी झालेल्या झटापटी पुन्हा खेळून पाहिल्या. जहाजांच्या अधिकाऱ्यांना पट पडद्यातल्या फटींतूनच दिसे. समुद्रावर दिसावे तेवढेच. तेथे सापडलेले डावपेच पुढे अटलांटिक महासागरात वापरले गेले.

जिंकले कोण?

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. गुण कशाला द्यायचे?

बुडालेली जहाजे मोजली तर १८ ऑक्टोबरला इंग्रज जिंकले. पण पुढे काय झाले? रात्री, वारा पडलेला असताना, मराठ्यांच्या होड्या उथळ पाण्यातून वल्हवत खांदेरीवर दाणागोटा पोहोचवतच राहिल्या. नोव्हेंबरअखेर सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले, तरी बेट पडले नाही. १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी तह करून माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले, ती गोष्ट वेगळी.

म्हणून इंग्रज खेळाडूला वेढ्यात पकडलेल्या प्रत्येक होडीचे गुण द्या, आणि मराठा खेळाडूला बेटावर पोहोचलेल्या प्रत्येक होडीचे. लगेच खेळाचा नूर बदलेल. मराठा खेळाडू ‘रिव्हेंज’शी झुंजण्याऐवजी तिला चुकवू लागेल. त्याला कोणी इतिहास सांगितलेला नसेल; वारा, वल्ही आणि गुण यांनी तो त्याच वाटेवर आणला असेल. खेळ चांगला उतरला, याची ही खूण.

करून पाहा

जाड पुठ्ठ्यावर षट्कोनी घरे आखा. एक ‘रिव्हेंज’, दोन गुराबा, पाच लहान इंग्रजी जहाजे घ्या. पन्नास गलबतांसाठी दहा सोंगट्या पुरतील. एक सोंगटी म्हणजे पाच गलबते. नांगर उचलून शिडे उभारायला इंग्रजांना चार खेळ्या लागतील असे धरा. मग दोन कसोट्या लावा.

पहिली: ‘डव्ह’ १५ खेळ्यांच्या आत निदान काही डावांत तरी पकडली जाते का? कधीच पकडली जात नसेल, किंवा नेहमी तिसऱ्याच खेळीत जात असेल, तर वेगाचे नियम तपासा.

दुसरी: एकच गोष्ट बदला. पहाटेऐवजी दुपारचा वारा घ्या, किंवा सगळा वारा काढून टाका. बाकी काही बदलू नका आणि दहा डावांचे निकाल तक्त्यात मांडा. निकाल जसेच्या तसे राहिले, तर तुमच्या खेळात वारा केवळ शोभेचा आहे.

शिक्षकांनी हा उपक्रम विज्ञान आणि इतिहास यांच्या तासांना मिळून घ्यावा. नियम मुलांनीच लिहावेत, आणि प्रत्येक नियमापुढे तो का केला हे एका ओळीत लिहावे. ज्याचे कारण सांगता येत नाही तो नियम खोडून पुन्हा डाव मांडावा.