जोडलेली गुणसूत्रे आणि संततीचा हिशेब

प्रश्न : पत्नी माझ्या मामाचीच मुलगी. तीन गर्भपातांनंतर तपासणीत माझी गुणसूत्रे ४५ निघाली. १४वे व २१वे एकमेकांस जोडलेली आहेत. मी तर धडधाकट आहे. हा नात्यातल्या लग्नाचा दोष का?
— एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : नात्यातील विवाहाचा यात काडीइतकाही कसूर नाही. अशा जोडणीत, म्हणजे स्थानांतरात, दोन गुणसूत्रांच्या लांब भुजा जुळतात व आखूड भुजा गळतात. परंतु त्या आखूड भुजांवरील मजकुराच्या नकला अन्य गुणसूत्रांवरही असल्यामुळे, संख्येत एक उणे भरूनही, आपल्या प्रकृतीस बाधा आलेली नाही. अडचण उद्भवते ती शुक्रपेशी घडताना : जोडगुणसूत्र, सुटे १४वे व सुटे २१वे अशी तिन्ही एकत्र येतात आणि त्यांची वाटणी सहा प्रकारे होऊ शकते. त्यांपैकी एकीतून सर्वसाधारण व दुसरीतून आपल्यासारखेच निरोगी वाहक अपत्य संभवते. उरलेल्या चारांपैकी तिहींतील गर्भ टिकत नाहीत, आणि एकीतून डाऊन सिंड्रोमचे मूल जन्मू शकते. माता वाहक असता ही शक्यता शेकडा १० ते १५, पिता असता मात्र शेकडा एक-दोनाच्या आतच असते. यास्तव धीर न सोडता नांदेड वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांमार्फत जनुकीय समुपदेशन घ्यावे, पुढील गर्भधारणेत १५ आठवड्यांनंतर गर्भजलपरीक्षेची तजवीज ठेवावी, आणि आपल्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करवावी.