माणसांच्या भेटीत ईश्वरी प्रेमाची खूण

देवदर्शनाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या भाविकाचे लक्ष स्वाभाविकपणे गाभाऱ्याकडे लागलेले असते. पुढे किती माणसे आहेत याचा तो अंदाज घेतो; परंतु ती माणसे कोण आहेत, इकडे त्याचे ध्यान क्वचितच जाते. वृद्धेला हात देऊन पायरी चढविणारी अनोळखी तरुणी, तहानलेल्या मुलासमोर स्वतःची पाण्याची बाटली धरणारा गृहस्थ, उन्हात उभे राहून पादत्राणे सांभाळणारा सेवेकरी यांच्याशी घडणारी भेट क्षणभराची असते. महाराष्ट्रातील भक्तिपरंपरेने मात्र अशा भेटींना फार मोठे स्थान दिले आहे. मूर्तीच्या दर्शनाइतकेच माणसाचे दर्शन महत्त्वाचे, हा तिचा मूळ संस्कार होय. प्रस्तुत पाठात त्याचाच विचार केला आहे.

वाटेवर येणारा देव

मुळशी तालुक्यातील हिंजवडी आज देशभर ओळखली जाते ती राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे. तथापि या भूमीची जुनी ओळख श्री म्हातोबा देवाची आहे. हिंजवडी व वाकड या दोन्ही गावांचे हे ग्रामदैवत. चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, देवाचे बगाड हिंजवडीहून निघते आणि वाकडला पोचते. एका गावातून निघालेला उत्सव दुसऱ्या गावात पूर्ण होतो, हे या यात्रेचे वैशिष्ट्य. देव एका उंबरठ्याच्या आत राहत नाही. तो वाटेवर येतो आणि दोन गावांच्या माणसांची गाठ घालून देतो.

येथून जवळच असलेल्या देहू आणि आळंदी या क्षेत्रांनीही हीच शिकवण दिली आहे. आषाढी वारीसाठी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून श्री तुकाराम महाराजांची आणि अष्टमीला आळंदीहून श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी प्रस्थान ठेवते. वारीच्या वाटेवर एक वारकरी दुसऱ्याला नावाने हाक मारत नाही, ‘माउली’ म्हणतो. वय, शिक्षण, जात, सांपत्तिक स्थिती यांपैकी काहीही न विचारता तो समोरच्याच्या पायांना स्पर्श करतो आणि समोरचाही वाकून तसेच करतो. ज्या शब्दाने ज्ञानोबारायांना आळवावे, त्याच शब्दाने वाटेवरच्या परक्या माणसाला हाक मारावी, यात वारकरी पंथाचे सारे तत्त्वज्ञान सामावले आहे. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात माउलींनी भेटणाऱ्या जीवमात्राकडे ईश्वरभावाने पाहण्यालाच भक्तियोग म्हटले आहे. वारीतील नमस्कार हे त्या तत्त्वाचे आचरण होय.

संतकथांतील साक्ष

पैठणच्या श्री एकनाथ महाराजांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक सेवक बारा वर्षे पाणी भरीत होता, अशी कथा आहे. कावड खांद्यावर घेऊन तो गोदावरीचे पाणी आणी व घरातील रांजण भरी. द्वारकेहून श्रीकृष्णाचा शोध घेत आलेल्या एका भक्ताने विचारणा केली, तेव्हा हा सेवक म्हणजे प्रत्यक्ष भगवंत, हा उलगडा झाला. पण तोवर तो अंतर्धान पावला होता.

दुसरी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळे ती घरोघरी पोचली. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारातील धान्य भुकेल्यांना वाटून टाकले. बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम दिला. दामाजीपंत बेदरला पोचण्यापूर्वीच विठू महार नावाचा एक साधा माणूस दरबारात गेला, धान्याची पुरी रक्कम त्याने भरली आणि पावती घेऊन तो निघून गेला. तो पंढरीचा पांडुरंग होता, हे दामाजीपंतांना मागाहून समजले.

या दोन्ही कथांत एक समान सूत्र आहे. देव ज्या रूपाने आला ते रूप मोठेपणाचे नव्हते. एकदा तो पाणक्या झाला, एकदा त्या काळी समाजाने गावकुसाबाहेर ठेवलेल्या जातीचा माणूस झाला. आणि दोन्ही वेळा त्याची ओळख तो निघून गेल्यावर पटली. देव आधी ओळख देऊन येत नाही, असा याचा अर्थ. तेव्हा ‘हा देव आहे हे कळले असते तर नीट वागलो असतो’ ही सबब भक्ताला उपलब्ध नाही. ओळख पटण्यापूर्वी समोरच्या माणसाशी आपण कसे वागलो, तेवढेच शिल्लक राहते. नाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे राहू शकला, कारण त्या घरात सेवकालाही माणसाची वागणूक मिळत होती.

ओळख नाकारली जाते तेव्हा

ही शिकवण कथेत ऐकणे सोपे आणि व्यवहारात पाळणे कठीण, याची साक्ष पंढरपुरानेच दिली आहे. विठू महाराची कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्या समाजाने संत चोखामेळा यांना मंदिराबाहेर उभे ठेवले. त्यांची समाधी आजही महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर आहे. त्यानंतर शतके लोटली, तरी त्यांच्या समाजासाठी विठ्ठल मंदिराचे दार बंदच होते. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. १० मे रोजी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. ज्या देवाने महाराचे रूप घेतले, त्याच्या दारी महाराला प्रवेश मिळावा यासाठी एका भक्ताला प्राण पणाला लावावे लागले. माणसाला ओळखण्यात चूक झाली की देवाच्या भक्तीतही किती मोठी उणीव राहते, हे यावरून ध्यानी येते.

संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हे जाणले होते. हातात खराटा घेऊन ते दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने स्वच्छ करीत. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारविल्या. स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. यात्रेला आलेल्या गरिबाला निवारा मिळावा, हीच त्यांची देवपूजा होती.

आजच्या हिंजवडीतील भेटी

एकेकाळी शेतीवर जगणाऱ्या या परिसरात आज रोज लाखोंच्या संख्येने माणसे ये-जा करतात. विदर्भ-मराठवाड्यातून शिक्षण घेऊन आलेले तरुण, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले बांधकाम मजूर, दक्षिणेकडील अभियंते, पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहणारे ग्रामस्थ हे सारे एकाच रस्त्यावरील वाहतूक कोंडीत शेजारी-शेजारी उभे असतात. पण एकमेकांना ओळखत नाहीत. पहाटे मजूर अड्ड्यावर कामाची वाट पाहणारा माणूस, रात्रपाळीत प्रवेशद्वाराशी जागणारा सुरक्षारक्षक, घंटागाडीवरील कर्मचारी, पोळी-भाजी करून देणाऱ्या मावशी यांच्यावाचून या नगरीचा एक दिवसही पार पडत नाही. तरीही त्यांच्याशी होणारी भेट बहुधा नजर न मिळविताच संपते.

अशा ठिकाणी ईश्वरी प्रेमाच्या खुणा शोधण्यासाठी चमत्काराची आवश्यकता नाही. पावसात दुचाकी बंद पडलेल्या अनोळखी व्यक्तीसाठी थांबणारा रिक्षाचालक, आजारी भाडेकरूला दोन वेळचे जेवण पाठविणारी घरमालकीण, परप्रांतीय मुलाला मराठी वाक्ये शिकविणारा टपरीवाला यांच्या कृतीत ते प्रेम प्रकट होते. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कितीतरी तरुण-तरुणी ‘आयटी दिंडी’तून माउलींच्या पालखीसोबत चालतात. वारीत शिकलेली ‘माउली’ ही हाक दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या रक्षकापर्यंत पोचली, तर ती वारी खऱ्या अर्थाने सुफळ झाली असे म्हणता येईल.

मंदिरांची दारे बंद होती तेव्हा

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि राज्यातील मंदिरांचे दर्शन थांबले. त्या वर्षी पायी वारी होऊ शकली नाही. ३० जून २०२० रोजी संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. मंदिरे पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला.

या काळात देव कोठे होता, असा प्रश्न अनेक भाविकांच्या मनात आला. पिंपरी-चिंचवड, चाकण, हिंजवडी या औद्योगिक पट्ट्यातील हजारो मजूर रोजगार गमावून गावाकडे निघाले होते. त्यांच्यासाठी अनेक ठिकाणी ग्रामस्थांनी चुली पेटविल्या, सोसायट्यांतून पोळ्यांचे डबे निघाले. देणाऱ्याने घेणाऱ्याचे गाव विचारले नाही. याच काळात परिचारिकांना भाड्याचे घर सोडण्यास सांगितल्याच्या बातम्याही देशातील काही भागांतून आल्या. एकाच संकटाने काहींच्या घराची दारे उघडली, काहींची बंद केली. देवळाचे दार बंद असताना माणसाने स्वतःच्या घराचे दार उघडे ठेवले, तेथे त्या दिवसांतील दर्शन घडले.

एक सावधगिरी

या विचाराचा विपरीत अर्थ मात्र घेऊ नये. अडचणीत कोणी साहाय्य केले की ‘देवच धावून आला’ असे आपण सहज म्हणतो. भाव चांगला आहे. परंतु असे म्हणून त्या माणसाचा विसर पडता कामा नये. ज्याच्या रूपाने देव आला त्याचे नाव विचारावे, त्याची विचारपूस करावी, त्याच्या श्रमाचा मोबदला वेळेवर व पुरा द्यावा. दानपेटीत मोठी रक्कम अर्पण करणाऱ्या दात्याच्या घरी काम करणाऱ्या बाईंचे वेतन थकलेले असेल, तर ते दान देवाला कसे पोचेल? दामाजीपंतांच्या कथेत भगवंताने प्रथम हिशेब पुरा केला आणि मगच तो निघून गेला, हे विसरू नये.

त्याचप्रमाणे, ज्याला अशी मदत लाभली नाही त्याच्यावर देवाचे प्रेम नाही, असाही निष्कर्ष काढू नये. त्याच्यापर्यंत जायला निघालेला माणूस कदाचित वाटेत थांबला असेल, आणि तो माणूस आपणच असू.

मननासाठी

१. आज देवळात येईपर्यंत आपल्याला कोणकोणत्या व्यक्तींनी साहाय्य केले? त्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

२. घरी, कार्यालयात अथवा सोसायटीत रोज भेटणारी, परंतु ज्यांच्याशी आपण कधी बोललो नाही, अशी माणसे कोणती?

३. आपल्याकडे कोणाचे वेतन, उसने पैसे वा दिलेला शब्द थकलेला आहे काय? तो कधी पुरा करणार?

दर्शन घेऊन निघताना भाविकाने यांपैकी एका व्यक्तीची आठवण मनात ठेवावी आणि घरी पोचल्यावर प्रथम तिची भेट घ्यावी. तीर्थयात्रेचा प्रसाद तिच्या हाती द्यावा, म्हणजे यात्रेची सांगता झाली असे समजावे.